कोडगुरूला जोडलेल्या रिपॉझिटरींची यादी काढताय? या चुका टाळा

अ‍ॅमेझॉन कोडगुरू रिव्ह्यूअरला (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधली, म्हणजे एडब्ल्यूएसमधली, कोड आपोआप तपासणारी सेवा) आपल्या कुठल्या रिपॉझिटरी (कोडचे साठे, थोडक्यात रिपो) जोडलेल्या आहेत हे बघायला कमांड एकच: लिस्ट-रिपॉझिटरी-असोसिएशन्स. सक्तीचा पॅरामीटर एकही नाही. बहुतेक त्यामुळेच मदतीचं पान कोणी उघडत नाही. कमांड ठोकायची, जे येईल ते एक्सेलमध्ये डकवायचं, मॅनेजरला पाठवायचं. दोन दिवसांनी 'पेमेंटवाली रिपो यात का दिसत नाही?' असा मेल आला की मग माझ्याकडे यायचं.

पूर्वी हे चालून जायचं. एखादी रिपो सुटली तर पुन्हा जोडली, विषय संपला. पण ७ नोव्हेंबर २०२५ पासून कोडगुरू रिव्ह्यूअरमध्ये नवीन रिपॉझिटरी जोडता येत नाही. आधी जोडलेल्या तेवढ्या चालू राहतात. म्हणजे आज यादीत जे आहे तेच तुमच्या हातात आहे, आणि यादी चुकली तर नुकसान खरं होतं.

रिकामी यादी आली की लगेच विश्वास ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

पुण्या-मुंबईकडच्या बहुतेक टीमच्या लॅपटॉपवर डिफॉल्ट रीजन (एडब्ल्यूएसची डेटा सेंटरं जिथे आहेत तो भाग) मुंबईचा, म्हणजे एपी-साउथ-१ असतो. कोडगुरू रिव्ह्यूअर मुंबईत नाहीच. तो आहे उत्तर व्हर्जिनिया, ओहायो, ओरेगॉन, आयर्लंड, लंडन, फ्रँकफर्ट, स्टॉकहोम, सिंगापूर, सिडनी आणि टोकियोत. त्यामुळे पहिल्यांदा कमांड चालवली की 'कुड नॉट कनेक्ट टू द एन्डपॉइंट यूआरएल' असा एरर येतो. हा एरर वाचून माणूस काय करतो? व्हीपीएन बंद-चालू करतो. प्रॉक्सी तपासतो. नेटवर्क टीमला तिकीट टाकतो. एररमध्ये जो पत्ता छापलाय त्यात रीजनचं नाव ढळढळीत लिहिलेलं असतं, ते मात्र वाचत नाही.

एका क्लायंटकडे हा प्रकार पुढच्या पायरीपर्यंत गेला. तिथल्या एका पोराला नोव्हेंबरच्या मुदतीआधी यादी काढायला सांगितलं होतं. नेटवर्कवाल्यांशी अर्धा दिवस भांडून झाल्यावर त्याने कुठूनतरी उचललेल्या उदाहरणातला रीजन, म्हणजे उत्तर व्हर्जिनिया, जसाच्या तसा वापरला. कमांड चालली. उत्तर आलं: रिकामा कंस. एरर नाही, इशारा नाही. त्याने अहवालात लिहून टाकलं की कोडगुरूला आपली एकही रिपॉझिटरी जोडलेली नाही.

जोडलेल्या होत्या, सिंगापूरमध्ये. सगळ्या बिटबकेटवरच्या (गिटहबसारखीच कोड ठेवायची जागा). अहवाल वाचून कोणीतरी उत्साहाने साफसफाई काढली आणि 'आता कोणी वापरत नाही' म्हणून बिटबकेटचं कनेक्शन उडवलं. पुढच्या आठवड्यात पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) रिव्ह्यू यायचे थांबले, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. नवं कनेक्शन करणं सोपं होतं, पण त्याचा एआरएन (एडब्ल्यूएसमधल्या प्रत्येक गोष्टीचा स्वतंत्र ओळखपत्ता) वेगळा, आणि जुन्या जोडण्या जुन्या एआरएनला बांधलेल्या. पुन्हा जोडायला जावं तर तोवर ७ नोव्हेंबर उलटून गेली होती. मुळातली गोष्ट अशी की बिटबकेटच्या रिपोंसाठी त्या कनेक्शनचा एआरएन हीच कमांड दाखवते. योग्य रीजनला एकदा चालवली असती तर कनेक्शन वापरात आहे हे समोरच दिसलं असतं.

माझी सवय सांगतो. आधी एसटीएसची गेट-कॉलर-आयडेंटिटी (आपण कोणत्या अकाउंटवर आहोत ते सांगणारी कमांड) चालवतो, कारण चुकीच्या प्रोफाइलवर, म्हणजे चुकीच्या अकाउंटवर बसून यादी काढणारेही कमी नाहीत. मग दहाही रीजनवर लूप फिरवतो. रीजनची नावं स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेली आहेत. बोटो३ मधून (एडब्ल्यूएससाठीची पायथन लायब्ररी) ती आपोआप मिळवता येतात हे मला माहीत आहे, पण डोळ्यांसमोर दहा नावं असली की झोप चांगली लागते. प्रत्येक रीजनपुढे अकाउंट क्रमांक आणि मिळालेली संख्या छापतो, शून्य असली तरी. शून्य छापायला लाजू नका. पुढे कोणी विचारलं तर 'टोकियोत बघितलं होतं, तिथे काही नाही' असं सांगता आलं पाहिजे.

टेक्स्ट आउटपुटवर मोजणी

दुसरी नावडती. ही नवख्यांपेक्षा थोडं येणाऱ्यांची चूक.

सेवा एका पानात जास्तीत जास्त १०० नोंदी देते आणि सोबत पुढच्या पानाचा टोकन देते. सीएलआय (टर्मिनलवर एडब्ल्यूएसच्या कमांड चालवणारं साधन) पुढची पानं आपणहून आणते, म्हणून लोक निर्धास्त असतात. मग कोणीतरी क्वेरीमध्ये लेंग्थ घालून संख्या काढतो आणि आकडा सुटसुटीत दिसावा म्हणून आउटपुट टेक्स्ट ठेवतो. इथे गोम आहे. आउटपुट जेसन असेल तर सगळी पानं एकत्र झाल्यावर क्वेरी लागते. टेक्स्ट असेल तर ती प्रत्येक पानावर वेगळी चालते. समजा १४३ रिपॉझिटरी आहेत: जेसनमध्ये १४३ येतं, टेक्स्टमध्ये एका ओळीवर १०० आणि दुसऱ्या ओळीवर ४३.

टर्मिनलवर बघणाऱ्याला निदान शंका तरी येते. पण मी पाहिलेल्या एका जेनकिन्स जॉबमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणारं साधन) त्यापुढे हेड कमांड लावून पहिली ओळ तेवढी घेतली होती. ('दुसरी ओळ कचरा येते' असं कॉमेंटमध्ये लिहिलं होतं. कचरा!) डॅशबोर्डवर महिनोन्‌महिने १०० चा आकडा सरळ रेषेत. रिपो वाढल्या तरी १००, दहा-बारा काढल्या तरी १००. आढावा बैठकीत तो आकडा 'स्थिर' म्हणून दाखवला जात होता. नेमकं शंभर असं गोल उत्तर आलं की माझे कान टवकारतात, तुमचेही टवकारले पाहिजेत.

उपाय सोपा आहे. आउटपुट जेसन ठेवा, ते फाइलमध्ये साठवा आणि मोजणी जेक्यूने (जेसन वाचणारं छोटं साधन) करा. फाइल राहते हा जास्तीचा फायदा, मागच्या महिन्याशी डिफ करता येतो. कमांडमध्येच सगळं एका ओळीत कोंबण्याची हौस मला कळत नाही. त्या ओळीला बक्षीस कोणी देत नाही, आणि सहा महिन्यांनी ती वाचायची वेळ लिहिणाऱ्यावरच येते.

बोटो३ वापरणाऱ्यांसाठी: नुसता लिस्ट कॉल एकच पान देतो. सगळी पानं आणणारा पॅजिनेटर घ्या. आणि सीएलआयमध्ये मॅक्स-रिझल्ट्स स्वतःहून दिलंत की पुढची पानं आपोआप येणं थांबतं; पानाचा आकार बदलायचा असेल तर पेज-साइझ वापरा.

बाकीच्या, पटापट

प्रोव्हायडर टाइपमध्ये (रिपो कुठल्या प्रकारची आहे त्यावरची गाळणी) गिटहब टाकून 'गिटहबच्या सगळ्या आल्या' म्हणणं. गिटहब अ‍ॅक्शन्समधून स्कॅन होणाऱ्या रिपो एस३बकेट या प्रकारात दिसतात, आणि एंटरप्राइझ सर्व्हरचा प्रकार आणखी वेगळा. आधी गाळणी न लावता सगळं घ्या, मग चाळा.

प्रोव्हायडर टाइपची ही नावं लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत लिहावी लागतात. 'सगळं स्मॉल लेटरमध्ये लिहिलं तर काय बिघडतं' असं म्हणणाऱ्याने एरर वाचावा.

ओनरच्या रकान्यात माणसाचं नाव शोधणं. कोडकमिटसाठी (एडब्ल्यूएसचीच कोड ठेवायची जागा) तिथे एडब्ल्यूएस अकाउंटचा क्रमांक असतो, गिटहब-बिटबकेटसाठी तिथल्या खात्याचं नाव. 'या रिपोचा ओनर सोडून गेलाय का?' असं त्या रकान्यावरून एचआरला विचारू नका. हे घडलेलं आहे.

अ‍ॅक्सेस डिनाइड आला की अ‍ॅडमिन परवानगी मागणं. वाचायलाच हवं असेल तर अ‍ॅमेझॉनकोडगुरूरिव्ह्यूअररीडओन्लीअ‍ॅक्सेस ही तयार पॉलिसी आहे, ती मागा. अ‍ॅडमिन मागणाऱ्याला मी तरी देत नाही.

शेवटच्या अपडेटची वेळ बघून 'ही रिपो मेलेली आहे' असं ठरवणं. ती वेळ जोडणीची आहे, रिव्ह्यूची नाही. दोन वर्षांपूर्वी जोडलेल्या रिपोवर आज सकाळीसुद्धा रिव्ह्यू झालेला असू शकतो. ते बघायचं तर लिस्ट-कोड-रिव्ह्यूज वेगळी चालवावी लागते, त्यातही पुल रिक्वेस्ट आणि पूर्ण रिपॉझिटरी हे दोन प्रकार वेगवेगळे मागावे लागतात. कंटाळवाणं आहे, मान्य. तरी करा.

स्टेट 'फेल्ड' दिसली की तिथेच थांबणं. यादीत कारण येत नाही. त्या जोडणीचा एआरएन घेऊन डिस्क्राइब-रिपॉझिटरी-असोसिएशन चालवा, स्टेट रीझन तिथे मिळतं.

कोडकमिटच्या रिपोवर 'कोडगुरू-रिव्ह्यूअर' नावाचा टॅग दिसला म्हणून टॅग-सफाईत तो उडवणं. तो सेवेनेच लावलेला असतो. हात लावू नका.

खर्च वाचवायच्या घाईत डिसअसोसिएट (जोडणी तोडणं)

यादी काढायला सांगण्यामागे बऱ्याचदा बिल असतं. २०२१ पासून हिशोब कोडच्या ओळींवर आहे: जोडलेल्या रिपॉझिटरींमधल्या ओळी मिळून पहिल्या १ लाखापर्यंत महिन्याला १० डॉलर, पुढच्या प्रत्येक १ लाखाला ३० डॉलर. त्यामुळे एखादी अवाढव्य जुनी जावाची रिपो काढली की बिल खरंच उतरतं, आणि फायनान्सकडून शाबासकीही मिळते. त्याच उत्साहात शेजारच्या चार छोट्या पायथनच्या रिपोही काढल्या जातात, ज्यांनी बिलात जेमतेम भर पडत होती.

काढलेली परत जोडता येणार नाही. म्हणून माझ्याकडे नियम असा आहे की यादी काढणारा आणि डिसअसोसिएट चालवणारा माणूस वेगळा असतो, आणि मधे यादी त्या-त्या टीमकडे नावानिशी जाते. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर रिपो राहते. लोक याला सरकारी कारभार म्हणतात. म्हणू देत. डिसअसोसिएटची कमांड कन्फर्मेशनसुद्धा विचारत नाही.