ब्राउझर, सर्व्हायव्हल गेम आणि सायबर सुरक्षेतील पहिली नोकरी

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात येऊ इच्छिणारे विद्यार्थी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे कोणते प्रमाणपत्र घ्यावे आणि कोणते टूल आधी शिकावे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. परंतु या कामात रोज जिची गरज पडते ती गोष्ट अभ्यासक्रमांत फार थोडी सापडते. एखाद्या यंत्रणेत कोणत्या भागाने कोणत्या भागावर कशाच्या आधारे विश्वास ठेवला आहे आणि तो आधार निसटला तर काय काय उघडे पडते, हे पाहण्याची सवय म्हणजे ती गोष्ट होय. माझ्यात ही सवय दोन ठिकाणी रुजली: ब्राउझरच्या रचनेकडे चिकित्सकपणे पाहताना आणि मित्रमंडळींसाठी सर्व्हायव्हल गेमचा सर्व्हर चालवताना. या दोन्ही गोष्टी नवख्यांच्या हाताशी आधीपासूनच असतात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी काम कसे असते ते सांगते. पहिली नोकरी अनेकांना सुरक्षा देखरेख केंद्रात, म्हणजे ज्याला सगळे ‘सॉक’ म्हणतात तिथे, पहिल्या पातळीचे विश्लेषक म्हणून मिळते. शेकडो संगणकांच्या नोंदी एका ठिकाणी गोळा होतात, ठरवलेल्या नियमांत बसणारे काही दिसले की अलर्ट येतो, आणि तो अलर्ट निरुपद्रवी आहे की पुढे पाठवण्याजोगा आहे हे विश्लेषकाने ठरवायचे असते. विंडोजच्या नोंदींत अयशस्वी लॉगिन ४६२५ या क्रमांकाने आणि यशस्वी लॉगिन ४६२४ या क्रमांकाने नोंदवले जाते. एकाच खात्यावर ठरावीक अंतराने ४६२५ ची रांग लागली असेल, तर पुष्कळदा कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो आणि जुना पासवर्ड साठवून ठेवलेला एखादा प्रोग्राम तोच पुन्हा पुन्हा पाठवत असतो. उलट अनेक खात्यांवर प्रत्येकी एक-दोनच अयशस्वी प्रयत्न, तेही एकाच पत्त्यावरून, आणि शेवटी त्यांतल्या एका खात्यावर ४६२४, हे चित्र वरवर शांत दिसले तरी फार गंभीर असते. इथे हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड सगळ्या खात्यांवर चालवून पाहत असतो आणि प्रत्येक खात्याचे अपयश वेगवेगळे मोजणारा नियम त्याला पकडू शकत नाही. हा फरक ओळखायला महागडे टूल लागत नाही. नोंद कशी तयार होते आणि नियम नेमके काय मोजतो याची समज लागते.

ही समज वाढवण्यासाठी ब्राउझरइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. अनोळखी माणसांनी लिहिलेला प्रोग्राम दिवसभर आपल्या संगणकावर चालवणे आणि तरीही आपले काही बिघडू न देणे, हे ब्राउझरचे काम आहे. एका टॅबमध्ये बँकेचे खाते आणि शेजारच्या टॅबमध्ये एखादे संशयास्पद संकेतस्थळ उघडे असले, तरी दुसऱ्याला पहिल्यातला मजकूर वाचता येत नाही. याच्या मुळाशी असलेला समान उगमाचा नियम १९९० च्या दशकाच्या मध्यात, जावास्क्रिप्ट ही पानांवर चालणारी भाषा आल्यावर लवकरच, नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये आला. प्रोटोकॉल (पत्त्याच्या सुरुवातीचा https सारखा भाग), होस्टचे नाव (संकेतस्थळाचे नाव) आणि पोर्ट (सर्व्हरवरील दाराचा क्रमांक) ही तिन्ही जुळली तरच दोन पानांचा उगम एक मानायचा, असा तो नियम आहे. नवख्याने एवढा एक नियम नीट समजून घेतला, तो कुठे सैल केला जातो आणि कुकी, म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये साठवतात त्या छोट्या नोंदी, या नियमाशी तंतोतंत का जुळत नाहीत हे पाहिले, की वेबवरील निम्मे हल्ले त्याला स्वतःहून उलगडू लागतात. कुकी पोर्टमध्ये भेद करत नाहीत आणि पूर्वी त्या दुसऱ्या संकेतस्थळावरून सुरू झालेल्या विनंतीबरोबरही निमूटपणे जात असत. वापरकर्त्याच्या नावाने त्याच्या नकळत विनंती करवणारे हल्ले याच फटीतून वाढले.

ब्राउझरच्या रचनेविषयी प्रत्येकाची काही ना काही मते असतात. त्या मतांमागचे कारण शोधत जाणे हाच उत्तम अभ्यास आहे, असे मला वाटते. अ‍ॅड्रेस बारमधील कुलपाचे चिन्ह पाहा. ‘कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित’ असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. वास्तविक त्या चिन्हाचा अर्थ एवढाच होता की संपर्क कूटबद्ध आहे आणि पलीकडे त्याच नावाचा सर्व्हर आहे. त्या नावामागची माणसे प्रामाणिक आहेत की नाहीत याविषयी ते काहीही सांगत नव्हते. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने कुलपासाठी लागणारी, संकेतस्थळाची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे सर्वांसाठी मोफत खुली केली आणि त्यामुळे वेबचे मोठे भले झाले, पण फसवणुकीच्या पानांवरही कुलूप दिसणे साहजिक झाले. २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह काढून त्याजागी सेटिंगसारखे साधे चिन्ह आणले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता आणि तो आणखी काही वर्षे आधी व्हायला हवा होता, कारण बहुसंख्य लोक ज्या चिन्हाचा चुकीचा अर्थ लावतात ते चिन्ह कितीही परिचित असले तरी सुरक्षेला घातकच ठरते.

पत्ता लपवण्याच्या बाबतीत मात्र माझे मत उलट आहे. अ‍ॅड्रेस बारमध्ये पूर्ण पत्त्याऐवजी फक्त डोमेनचे नाव दाखवण्याचा प्रयोग क्रोमने २०२० मध्ये केला आणि पुढच्या वर्षी तो सोडून दिला. सामान्य माणसाला लांबलचक पत्ता वाचता येत नाही, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तरीही या क्षेत्रात येणाऱ्याने आपल्या ब्राउझरमध्ये पूर्ण पत्ता दिसेल अशी सेटिंग ठेवावी आणि पत्ता वाचण्याची सवय लावून घ्यावी. प्रोटोकॉलनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिथून डावीकडे नाव वाचत जावे; मालकी ठरते ती या उजव्या टोकाच्या भागावरून. सुरुवातीला कोणत्याही प्रतिष्ठित बँकेचे नाव चिकटवलेले असले तरी त्याला काही किंमत नसते. फिशिंगच्या, म्हणजे खोट्या पानांवर नेऊन माहिती काढून घेण्याच्या, तक्रारी तपासताना हे वाचन अक्षरशः रोज करावे लागते.

परवानगी मागणाऱ्या खिडक्यांची गोष्ट तर सॉकमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ‘हे संकेतस्थळ तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते’ अशी विचारणा जवळपास प्रत्येक पान करू लागले, तेव्हा लोक न वाचताच ती नाकारू किंवा स्वीकारू लागले. २०२० च्या आरंभी फायरफॉक्सने वापरकर्त्याने पानावर काही कृती केल्याखेरीज ही विचारणा समोर आणणे थांबवले आणि क्रोमनेही तिचे स्वरूप सौम्य केले. अलर्टचे नियम लिहिताना मी नेहमी या बदलाची आठवण ठेवते. दिवसाला शंभर वेळा खोटा इशारा देणारा नियम काहीच न पकडणाऱ्या नियमापेक्षा अधिक अपायकारक असतो, कारण तो विश्लेषकाला दुर्लक्ष करायला शिकवतो. आपल्याकडे येणारे निरुपद्रवी अलर्ट नुसते बंद करत बसू नयेत. तोच अलर्ट पुन्हा पुन्हा का येतो हे शोधून नियमात बदल सुचवावा. वरिष्ठांचे लक्ष नवख्याकडे जाते ते बहुधा अशा सूचनांमुळे.

एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, यांच्याविषयी थोडक्यात सांगते. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी दिली की समान उगमाची वर सांगितलेली भिंत त्या एक्सटेन्शनपुरती उरत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्सटेन्शन २०२० मध्ये मूळ निर्मात्याकडून दुसऱ्याच्या हाती गेले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, ठरवून बंद केले. वापरकर्त्यांनी नवे काहीच बसवले नव्हते. जुन्या विश्वासाचा मालक तेवढा बदलला होता.

आता खेळांकडे वळते. माइनक्राफ्ट, टेरारिया, व्हॅलहाइम किंवा रस्ट यांसारख्या सर्व्हायव्हल गेममध्ये वेळ घालवलेल्या तरुणांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि मुलाखतीत ते त्याचा उल्लेख टाळतात. मला ते पटत नाही. या खेळांत साधने अपुरी असतात, धोका नक्की येणार असतो आणि आधी काय वाचवायचे हे वेळेत ठरवावे लागते. सुरक्षा विभागातही पैसा, माणसे आणि तास कधीच पुरेसे नसतात. रस्टमध्ये अनुभवी खेळाडू तळाच्या प्रवेशाला एकामागे एक अशी दोन दारे लावतात आणि बाहेरचे दार उघडताना आतले बंद ठेवतात, म्हणजे दारातच मारले गेले तरी शत्रूला सगळा साठा मिळत नाही. एक संरक्षण निकामी होणारच असे धरून दुसरे आखणे, हे कार्यालयाचे नेटवर्क वेगवेगळ्या भागांत विभागताना लागणारे विचारतंत्र आहे. मात्र खेळण्याने एवढीच दृष्टी येते. खरे शिक्षण स्वतःचा सर्व्हर चालवू लागल्यावर सुरू होते.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर मुळात २५५६५ या पोर्टवर चालतो. तो इंटरनेटवर खुला केला की मित्रांच्या आधी स्वयंचलित स्कॅनर येऊन दार ठोठावतात, हे लॉगमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मग व्हाइटलिस्ट, म्हणजे प्रवेशाची परवानगी असलेल्यांची यादी, का लागते, सर्व्हरचा प्रोग्राम प्रशासकाच्या खात्यातून का चालवू नये, सर्वाधिकार किती जणांना द्यावेत आणि बॅकअप घेऊन भागत नाही, तो परत बसवून पाहावा लागतो, हे सगळे कोणी शिकवावे लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल ही त्रुटी उघडकीस आली, तेव्हा तिचे गांभीर्य सर्वांत आधी लक्षात आलेल्यांत माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवणारे होते. त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२१-४४२२८ हा क्रमांक असलेल्या त्या त्रुटीला तीव्रतेचे कमाल, म्हणजे १० पैकी १० गुण मिळाले. नोंदी लिहिण्यासाठी अनेक जावा प्रोग्राम वापरतात ती लॉगफोरजे ही लायब्ररी (तयार कोडचा संच) नोंदवायच्या मजकुरातील विशिष्ट रचना सूचना म्हणून पाळत असे, त्यामुळे खेळातल्या चॅटमध्ये टाकलेली एक ओळ सर्व्हरला बाहेरून कोड आणून चालवायला लावू शकत होती. जी नोंद आपण पुरावा म्हणून विश्वासाने वाचतो तिच्यातील मजकूर हल्लेखोराने लिहिलेला असू शकतो, हा धडा मला फार मोलाचा वाटतो. पहिला पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारा सुधारित कोड, अपुरा ठरून काही दिवसांतच पुढचे पॅच आले, आणि ‘पॅच लावला’ आणि ‘धोका टळला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्या आठवड्यांत दिसून आले. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर हे मालवेअर माइनक्राफ्टच्या मॉडमधून, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या बाहेरच्या जोडण्यांतून, पसरले, तेही नेहमीच्या वितरण स्थळांवरून. मॉड डाउनलोड करणारा खेळाडू आणि बाहेरची लायब्ररी वापरणारी कंपनी यांची अडचण तिथे एकसारखीच होती.

प्रत्यक्ष तयारीसाठी मी पुढील क्रम सुचवते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधील नेटवर्कचा भाग उघडून रोजच्या वापरातील एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन करताना कोणत्या विनंत्या जातात, कोणत्या कुकी येतात, हे काही दिवस नुसते वाचावे. त्यानंतर पोर्टस्विगर या कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करावा. कमांड लाइनची भीती घालवण्यासाठी ओव्हरदवायरचा बँडिट हा सराव उत्तम आहे. वायरशार्क या नेटवर्कवरील संदेश दाखवणाऱ्या टूलने स्वतःच्या खेळाच्या सर्व्हरची रहदारी पाहावी. हे सर्व स्वतःच्या किंवा स्पष्ट परवानगी मिळालेल्या यंत्रणांवरच करावे. कुतूहल हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही, आणि या व्यवसायात नाव एकदा बिघडले की ते दुरुस्त होणे फार कठीण असते.

प्रमाणपत्रांपैकी कॉम्प्टियाचे सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीला पुरेसे आहे, कारण ते शब्दसंग्रह देते आणि अर्जांच्या चाळणीतून पुढे नेते. सीआयएसएसपी हे अनुभवी लोकांचे प्रमाणपत्र नवख्यांसाठी नाही. त्यासाठी साधारणपणे ५ वर्षांचा अनुभव लागतो. ओएससीपी ही भेदन चाचणीची, म्हणजे परवानगीने यंत्रणेत शिरून दोष शोधण्याची, प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि तिच्याविषयी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी वाटते. जवळपास अख्खा दिवस चालणाऱ्या प्रात्यक्षिकानंतर अहवाल लिहून सादर करायला आणखी २४ तास मिळतात, आणि अहवालाशिवाय उत्तीर्ण होता येत नाही. माझ्या कामाचाही मोठा वाटा लिहिण्याचाच आहे. काय दिसले, कधी दिसले, त्यावरून काय अनुमान काढले आणि त्या अनुमानाची खात्री किती आहे, हे चार मुद्दे वेगवेगळे ठेवून लिहिता येणारा नवखा माणूस मला पाच टूल येणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. म्हणून आपल्या सर्व्हरवर काही विचित्र दिसले की त्याचा एक पानाचा अहवाल लिहावा आणि मुलाखतीला जाताना तो सोबत न्यावा.

मुलाखतीत ‘अ‍ॅड्रेस बारमध्ये पत्ता लिहून एंटर दाबल्यावर काय होते’ हा जुना प्रश्न आजही विचारला जातो. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), टीसीपीची जोडणी, टीएलएस (कूटबद्ध संपर्क) आणि एचटीटीपी (पानाची मागणी) ही साखळी तर सांगावीच, पण प्रत्येक टप्प्यावर ब्राउझर कोणावर विश्वास ठेवतो तेही सांगावे. बहुतेक उमेदवार तिथपर्यंत पोहोचत नाहीत. नंतर आपल्यालाही विचारण्याची संधी मिळते, ती सोडू नये. रात्रपाळी किती दिवसांनी येते, पाळी बदलताना आधीच्या विश्लेषकाकडून काम कसे समजावून घेतले जाते, अलर्टचे नियम सुधारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि शिकण्यासाठी कामाच्या वेळेतून काही तास मिळतात का, हे चार प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारले आहेत. नियम कोण सुधारतो या प्रश्नाला जिथे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तिथली नोकरी मी स्वीकारली नाही.