वलय दिसेना, तरी फिल्म जंतू मारत होती

पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फिल्मवर क्वाटर्नरी अमोनियम हे जंतू मारणारे रासायनिक गट रासायनिक बंधाने जोडले होते, पण आगार प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) फिल्मभोवती जंतुरहित वलय काही उमटेना. बांधलेला रेणू आगारमध्ये पसरतच नाही, स्पर्श झाला तरच मारतो. म्हणून पृष्ठभागाची जंतू मारण्याची क्षमता मोजणारी आयएसओ २२१९६ ही प्रमाणित पद्धत घेतली: फिल्मवर स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचं द्रावण, वर पातळ झाकण, ३५ अंश सेल्सिअसला २४ तास, भरपूर आर्द्रता. मग मोजणीसाठी फिल्मवरचे जंतू धुऊन काढताना लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० असलेलं न्यूट्रलायझर, म्हणजे जंतुनाशकाचा परिणाम थांबवणारं द्रावण, हवंच हवं! न जोडलं गेलेलं रसायन थोडं जरी सुटून आलं, तरी ते मोजणीच्या प्लेटवरही जंतू मारतं आणि आकडा फसवा निघतो. साध्या फिल्मपेक्षा जंतूंच्या वसाहती खूपच कमी आल्या. कॅथेटरसाठी, म्हणजे शरीरात घालायच्या नळीसाठी, मला असाच बांधलेला लेप पटतो. आता त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसल्यावर परिणाम किती टिकतो ते पाहतोय.