६० च्या पुढे थरथर: चूक निघाली एका खाचेची

माझी जुनी फोर-बाय-फोर पिकअप ६० च्या पुढे गेली की सीटखालून थरथरायची. तीनदा व्हील बॅलन्सिंग केलं, पैसे पाण्यात. शेवटी मोकळ्या रस्त्यावर ७० ला न्यूट्रल केली. थरथर तशीच! म्हणजे इंजिन, क्लच संशयातून सुटले.

मग मागचा प्रोपेलर शाफ्टच (इंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा) उतरवला आणि फोर-हायमध्ये, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या मोडमध्ये, फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवली. एकदम गप्प. (शाफ्ट काढण्याआधी चाकांना दगड लावा, नंतर टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) गिअर टाकून ठेवली तरी गाडी घरंगळते.)

शाफ्ट हातात घेतल्यावर दिसलं: एका क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) कपातल्या सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, गंजून लाल भुकटी झालेल्या. पण खरी गोम वेगळीच. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत, तर एक किंचित तिरका. आधी कुणीतरी ग्रीसिंगला स्लिप जॉइंट (शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात तो खाचांचा सांधा) काढून एक खाच चुकवून बसवला होता. तेलकट मळ खरवडला तर कंपनीने ठोकलेले दोन बाण निघाले, समोरासमोर नसलेले!

बाण जुळवले, दोन्ही क्रॉस नवे टाकले. आता ८० ला डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा हलत नाही.