जुन्या मारुती ८०० ची बॅटरी: जपणूक आणि बदल

सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीतलं पाणी भराभर उडतं, म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा. प्लेटा पाण्याच्या वर आल्या की कायमच्या खराब होतात. त्या बुडून वर साधारण १० मिमी राहील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खातात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. त्याहून कमी आले तर आधी अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा बेल्ट तपासा, नवी बॅटरीही तशीच उतरेल.

बदलताना १० नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना नेमकं उलट. आधी पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. नवी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) घ्या, टर्मिनलची बाजू जुळवून. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी घट्ट आवळा, हादऱ्यानं प्लेटा सुटतात. जुनी बॅटरी दुकानातच द्या, किंमत वजा होते.