रानातले भांडे गळते कुठे? जंगलात कामचलाऊ भांडी करताना या चुका टाळा

गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरील एका गावाजवळ, मोहफुले वेचण्याच्या दिवसांत, मी पहिल्यांदा पाणी नेण्यासाठी बांबूचे नळकांडे करायला बसलो. मनगटाएवढा जाड, सरळ, डोळ्यांत भरणारा बांबू निवडला होता. करवत चालवली, आणि आत जेमतेम करंगळी जाईल एवढे भोक निघाले. दुसरे कांडे कापले, तिसरे कापले, सगळीकडे तेच. शेजारी मोह वेचत असलेल्या एका आजींनी त्यातला एक तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “भाऊ, हा मानवेल हाय. काठीले चालते, पाण्याले नाही.”

रानात केलेली बहुतेक भांडी हात कच्चा असल्यामुळे बिघडत नाहीत. चाकू लागण्याआधीच चुकीची जात, चुकीचा ऋतू किंवा चुकीची माती निवडलेली असते, आणि पुढे कितीही कौशल्य ओतले तरी ती चूक भरून निघत नाही. परदेशी चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांची अडचण येथूनच सुरू होते. त्यांत भूर्जाची साल सोलून सुबक डबे केलेले दिसतात. पण आपल्याकडे भूर्ज हिमालयातच वाढतो, आणि विदर्भातल्या झाडांच्या साली तशा घडी पडत नाहीत. हौसेपोटी उभ्या झाडाची साल चहूबाजूंनी सोलली, तर डबा होत नाही आणि झाड मात्र वाळते. येथे भांड्यासाठी हाताशी असतात ती पाने, बांबू, माती, लाकूड आणि तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला कडू भोपळा.

बांबू

विदर्भाच्या रानात प्रामुख्याने दोन बांबू भेटतात. मानवेल कोरड्या, खडकाळ उतारावर वाढतो आणि तेथे तो जवळजवळ भरीव होतो. म्हणूनच लाठी, बल्ली आणि अवजारांचे दांडे यांसाठी त्याला मागणी असते. कटांग हा काटेरी, नाल्याकाठी वाढणारा, जाड आणि पोकळ बांबू होय. नळकांडे, पेला किंवा भात शिजवण्याची नळी करायची असेल तर कटांगच शोधावा आणि कापण्यापूर्वी कोयत्याच्या पाठीने कांड्यावर ठोकून आवाज ऐकावा. पोकळ कांडे घुमते, भरीव कांडे बद्द वाजते.

दुसरी चूक वयाची. त्याच वर्षीचा कोवळा बांबू कापायला सोपा असतो. परंतु त्यात पाणी भरपूर असल्याने वाळताना तो आक्रसतो आणि उभा तडकतो. किमान तीन पावसाळे पाहिलेला बांबू घ्यावा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर आणि पिष्ट अधिक असते, त्यामुळे त्याला भुंगा लवकर लागतो आणि काही आठवड्यांतच नळकांड्याखाली पिवळसर भुकटी पडू लागते. हिवाळ्यात तोडलेला आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू अधिक टिकतो.

कापण्याची जागाही नेमकी हवी. बाहेरून दिसणारी गाठ आणि आतला पडदा यांची उंची तंतोतंत जुळेलच असे नाही. गाठीला घासून कापले की पडद्याला करवत लागते आणि बुडाला केसाएवढी फट पडते, जी रिकाम्या नळकांड्यात दिसत नाही. म्हणून गाठीच्या खाली दोन बोटे अंतर सोडून कापावे. तेवढ्याने भांड्याला उभे राहायला कडही मिळते.

तरीही गळत असेल तर गळती शोधण्याची एक सोपी रीत आहे. नळकांडे बाहेरून कोरडे करून त्यावर चुलीची बारीक राख चोळावी, आत पाणी भरावे आणि सावलीत थोडा वेळ उभे ठेवावे. जेथून पाणी झिरपते तेथे राखेवर ओली, काळी रेघ उमटते. रेघ उभी असेल तर बांबू तडकला आहे आणि त्याला वेलीने आवळून बांधणे एवढाच तात्पुरता उपाय उरतो. ओल बुडाशी गोल पसरली असेल तर पडदा दुखावला आहे, ते भांडे धान्यासाठी किंवा मिठासाठी ठेवावे. नव्याने कापलेले नळकांडे उन्हात रिकामे ठेवणे ही मात्र स्वतःहून ओढवलेली गळती होय. मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात ते एका दुपारीत तडकू शकते.

बांबूत अन्न शिजवताना एक चूक जिवावर बेतू शकते. दोन्ही बाजूंनी बंद असलेले कांडे विस्तवावर ठेवले की आतली हवा आणि वाफ फुगते आणि ते फटाक्यासारखे फुटते, तापलेल्या चिरफाळ्या उडवत. एक तोंड उघडे ठेवावे, त्यात पानांचा सैल बोळा घालावा, नळी दोन तृतीयांशच भरावी आणि निखाऱ्यांवर तिरकी धरून फिरवत राहावी. यासाठी हिरवाच बांबू हवा, कारण वाळलेला बांबू अन्न शिजण्याआधी स्वतः पेटतो.

बांबू कोठून घ्यावा, हाही प्रश्न आहे. ताडोबा किंवा मेळघाटसारख्या संरक्षित क्षेत्रात सरावासाठी एक काडीही तोडू नये. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला बांबूवरील हक्क हा ग्रामसभेचा आहे. 2011 मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने तो प्रत्यक्ष मिळवला, तो दीर्घ प्रयत्नांनंतर. बाहेरून आलेल्या हौशी माणसाने त्या रानात परवानगीशिवाय कोयता चालवणे बरे दिसत नाही. शेताच्या बांधावरचा बांबू मालकाला विचारून घ्यावा.

पाने

“पळसाला पाने तीनच” ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण त्या तीन पानांत फरक असतो, हे द्रोण करायला बसल्यावर कळते. मधले पान मोठे आणि दोन्ही अंगांनी सारखे असते, तर बाजूची दोन पाने शिरेपाशी तिरकी असतात. द्रोणासाठी मधले पान घ्यावे आणि बाजूची पत्रावळीत लावावीत. तिन्ही पाने सरसकट वापरली की द्रोण एका कुशीवर कलतो आणि दोष हाताला लावला जातो.

ऋतूचा हिशेब येथे अधिक कडक आहे. होळीच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळपास नसतात. त्यानंतर फुटणारी पालवी मऊ, लवदार आणि फाटरी असते, पाण्याचे वजन तिला पेलत नाही. पावसाळ्यापासून पाने निबर होतात आणि हिवाळ्यापर्यंत कामाला येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी भांड्याची गरज पडली तर माहूलवेलीची मोठी, दुभंगलेली पाने शोधावीत किंवा आधी वाळवून ठेवलेली पाने वापरावीत. वाळलेली पाने तशीच दुमडली तर तडकतात. पाणी शिंपडून, एकावर एक रचून, वर दगड ठेवून रात्रभर दाबून ठेवली की सकाळी ती वळतात. हिरवे पान ताठ असेल तर निखाऱ्यावरून एकदा झरकन फिरवावे. त्याचा रंग गडद होतो आणि ते कातड्यासारखे मऊ पडते.

द्रोण गळण्याचे मुख्य कारण काडी टोचण्याची जागा हे असते. बांबूची बारीक काडी पाण्याच्या पातळीखाली टोचली की तेथे दोन भोके कायमची झाली. पान न कापता, कोपरे चुणी घालून आत वळवावेत आणि ती चुणी काठाजवळच टोचावी. सागाचे पान मोठे असल्याने मोह पडतो. परंतु कोवळे सागपान चुरगळले तर बोटे लाल होतात आणि तोच रंग पाण्यात उतरतो. कोरडे पदार्थ बांधायला ते ठीक आहे.

पानाच्या द्रोणात पाणी उकळता येते, हे खरे आहे. आत पाणी असेपर्यंत पानाचा तेवढा भाग 100 अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही, म्हणून तो जळत नाही; पाण्याच्या वरचा कोरडा काठ मात्र जळतो. ज्वाळेवर न धरता निखाऱ्यांवर धरले तर हे साधते. माझ्या मते ही लोकांना दाखवण्याची करामत आहे, तहान भागवण्याची पद्धत नव्हे. त्यापेक्षा लाकडी कठवतीत तापलेले दगड टाकून पाणी उकळणे अधिक खात्रीचे असते. येथेही एक चूक हमखास होते: नदीच्या पात्रातले गोल, गुळगुळीत दगड उचलले जातात. त्यांच्या फटींत पाणी मुरलेले असते आणि विस्तवात त्याची वाफ झाली की दगड फुटतो. जाळीदार, भोकाभोकांचा काळा दगडही त्याच कारणाने टाळावा. कोरड्या टेकडीवरचा, घट्ट, न तडकलेला दगड घ्यावा आणि तो प्रथम दुरून तापवावा. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळले तरच ते पिण्यास योग्य समजावे. नुसत्या वाफा दिसणे पुरेसे नाही.

कठवतीसाठी शिवणीचे लाकूड मिळाले तर उत्तम, कारण ते हलके असते, सहज कोरले जाते आणि तडकण्याचे प्रमाण कमी असते. निखारे ठेवून पोकळी जाळताना जोराने फुंकू नये. लाकूड एका जागी खोल जळते आणि बुडाला चीर जाते. थोडे जाळावे, खरवडावे, पुन्हा जाळावे.

माती

पश्चिम विदर्भातील माणसाला पायाखाली काळी माती दिसते आणि तिचेच गाडगे करावेसे वाटते. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या, पाय अडकेल अशा भेगा हीच तिची ओळख. गाडग्यातही ती तेच करते. शिवाय तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतील ओल शोषून तो फुगतो आणि धड दिसणाऱ्या भांड्यातून काही दिवसांनी टिकल्या उडू लागतात. अशा वेळी आच कमी-जास्त झाली असे समजून लोक पुन्हा तीच माती घेतात. खड्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. फसफसले तर ती माती सोडावी किंवा बारीक चाळून घ्यावी. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावांच्या काठचा चिकट गाळ सहसा अधिक बरा.

गाळही एकटा वापरू नये. चार भाग मातीला एक भाग बारीक रेती किंवा जुन्या खापरांचा कुटलेला चुरा मिसळावा. मातीची दहा सेंटिमीटरची पट्टी करून सावलीत वाळवावी. ती नऊ सेंटिमीटरच्या खाली आली तर रेती आणखी हवी. भांड्याची जाडी सर्वत्र सारखी ठेवावी. बूड जाड आणि कड पातळ राहिली तर कड आधी वाळते आणि दोहोंच्या सांध्यावर चीर पडते.

भाजताना घाई करणारे सर्वांत जास्त भांडी गमावतात. हाताला कोरडे लागणारे गाडगे आतून ओले असू शकते. विस्तवाच्या कडेला दोनेक तास फिरवत ठेवून ते धरवणार नाही इतके तापल्यावरच मध्ये सरकवावे, नाहीतर आतल्या वाफेने त्याचे पोपडे आवाजासह उडतात. उलट, कमी भाजलेले भांडे तेव्हा शाबूत दिसते आणि पाणी भरल्यावर चिखल होऊन बसते. साधारण 600 अंशांच्या पुढे भांडे लालसर दिसू लागते, पण दिवसाउजेडी ती लाली कळत नाही. म्हणून भट्टी सायंकाळी लावावी. भाजलेल्या भांड्यावर टिचकी मारली असता खणखणीत आवाज यावा. शंका असल्यास सोबत भाजलेला एखादा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून पाहावा.

उघड्या जाळात भाजलेले गाडगे थोडे पाझरणारच, तो दोष नव्हे. माठ त्यामुळेच गार राहतो. पाझर कमी करायचा असेल तर त्यात प्रथम तांदळाची पेज उकळावी, म्हणजे पिष्ट छिद्रांत बसते.

सांधे बुजवणे

बाभूळ किंवा धावड्याचा डिंक हाताशी असतो, चिकटतोही छान, आणि पाणी लागताच विरघळतो. पाण्याच्या भांड्याला डिंक लावणे व्यर्थ होय. पळसावर मिळणारी लाख पाण्यात विरघळत नाही, परंतु साधारण 70 ते 80 अंशांना ती मऊ पडते, म्हणून तिने बुजवलेल्या भांड्यात गरम काही ओतू नये. मेण त्याहून आधी, सुमारे 63 अंशांना वितळते आणि उन्हात तापलेल्या दगडावर ठेवले तरी ढिले होते. शेणमातीने सारवलेली टोपली धान्यासाठी आहे. तिच्यात पाणी ठेवण्याचा प्रयत्न करून पाहिलेल्यांत मीही आहे.

जे वापरू नये

बिब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि त्याचे लाकूड जाळल्यास धूरही बाधतो. गराडीची पाने विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, तर कण्हेरीची काडी द्रोण टोचायलाही वापरू नये. पान ओळखू आले नाही, तर ते कितीही रुंद आणि सुंदर असले तरी सोडून द्यावे.

शेताच्या धुऱ्यावर पडलेला कीटकनाशकाचा रिकामा डबा मात्र या सर्वांपेक्षा धोकादायक आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. असा डबा राखेने घासून, उकळून किंवा दहा वेळा धुऊनही पाणी पिण्याच्या योग्यतेचा होत नाही.

तुंबा

गडचिरोलीत पेज आणि पाणी नेण्यासाठी वापरला जाणारा तुंबा हे एका दिवसात होणारे भांडे नाही. वेलीवरच देठ वाळून तपकिरी होईपर्यंत भोपळा राहू द्यावा. हिरवा तोडला तर तो आतून सडतो आणि साल बसते. वरची बुरशी पुसून, हवेशीर सावलीत, आतल्या बिया खुळखुळेपर्यंत तो वाळवावा. मगच तोंड कापून आतला गर काढावा आणि मूठभर बारीक खडे व पाणी घालून तो हलवून धुवावा. पहिल्या पाण्याला कडू चव येते आणि कडू भोपळ्यातील ही द्रव्ये पोटाला बाधतात, म्हणून रोज पाणी बदलत ते फेकत राहावे. जिभेच्या टोकाला कडवटपणा लागणे पूर्ण थांबल्यावरच त्यात पेज भरावी.