पलटणीची कमान हाती घेताना या चुका टाळा

पायदळाच्या पलटणीची (बटालियनची) कमान मिळाली की सुमारे आठशे जवानांची जबाबदारी एका कर्नलवर, म्हणजे तिच्या कमांडिंग ऑफिसरवर येते आणि हा काळ जेमतेम दोन-अडीच वर्षांचा असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात काहीतरी करून दाखवण्याची घाई होते. पीटीची वेळ, लंगरमधील जेवण, मुख्य गेटचा रंग हे बदल चटकन डोळ्यांत भरतात. (रंगाचा मोह फारच थोड्यांना आवरतो.) मात्र आधीच्या साहेबांनी एखादी पद्धत का लावली होती, हे पलटणीतले सर्वांत ज्येष्ठ जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) असलेल्या सुभेदार मेजरना विचारल्याशिवाय ती मोडू नये.

चार्ज घेताना विश्वासावर सही करणे हीदेखील नेहमीची चूक आहे. कोतमधील (शस्त्रागारातील) हत्यारे नुसती संख्येने न मोजता त्यांचे नंबर रजिस्टरशी ताडून पाहावेत आणि तफावत आढळल्यास ती सहीपूर्वीच लेखी नोंदवावी.

सर्वांत महागात पडते ती पहिल्या पेशीतील, म्हणजे जवानावरील आरोपाच्या सुनावणीतील घाई. आर्मी ॲक्ट, 1950 च्या कलम 80 नुसार कमांडिंग ऑफिसर जवानाला 28 दिवसांपर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतात. पण आर्मी रूल्स, 1954 च्या नियम 22 प्रमाणे आरोप जवानासमोर ऐकायचा असतो, तसेच साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि स्वतःचे साक्षीदार बोलावण्याची त्याला मोकळीक असते. कंपनी कमांडरने आधीच मत कानावर घातले असेल आणि कडक शिस्तीचा लौकिक मिळवायचा असेल, तर ही सुनावणी दोन मिनिटांत उरकली जाते. पुढे प्रकरण न्यायाधिकरणात गेल्यास हाच दोष आधी काढला जातो. त्याआधी बराकीत मात्र साहेब ऐकून घेत नाहीत, हे पक्के झालेले असते.

रजेच्या तक्रारी वाढल्या तर एकूण किती जवान रजेवर गेले एवढेच न पाहता कोण, कधी गेला हे कंपनीनिहाय पाहावे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत गणपतीची रजा सलग दुसऱ्या वर्षी नाकारली गेलेला कोकणातला जवान एरवी मिळणाऱ्या साठ दिवसांच्या वार्षिक रजेने समाधानी होत नाही.

सैनिक संमेलनात (कमांडिंग ऑफिसर सर्व जवानांशी बोलतात त्या सभेत) कोणीच प्रश्न विचारत नसेल, तर त्याचा अर्थ सर्व आलबेल आहे असा घेऊ नये. बहुधा मागे बोललेल्याला कंपनीत नंतर झापले गेलेले असते. अशा वेळी प्रश्न नाव न लिहिता कंपनीनिहाय मागवावेत आणि पुढच्या संमेलनाची सुरुवात मागील प्रश्नांच्या उत्तरांनीच करावी. ज्या मागण्या मान्य होणार नाहीत, त्यांचे कारणही तिथेच सांगावे.