सुट्टीवर सोलापूरला आलात की: तरुण फौजी अधिकाऱ्यांसाठी पुढच्या शिक्षणाची तयारी

लेफ्टनंट-कॅप्टन असताना एमबीए किंवा एमटेक मनात आलं, तर कॉलेजं शोधायच्या आधी नोकरीचं गणित मांडा. कमिशननंतर 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर. मधे फील्ड पोस्टिंग आणि महूचा ज्युनिअर कमांड कोर्स. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनी (ठरावीक मुदतीचं कमिशन) 10 वर्षं कधी भरतात आणि पुढची 4 घ्यायची का, हे घरच्यांशी बोलून ठरवावं. नोकरीत राहूनच शिकायचं असेल, तर अभ्यास रजेचे नियम आणि त्यानंतर सेवा करण्याचं बंधन नीट वाचा.

मग परीक्षा. आपलं वर्ष आपल्या हातात नसतं, म्हणून ज्या परीक्षेचा स्कोअर टिकतो ती आधी द्या, असं माझं ठाम मत आहे. एमबीएची कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, आणि त्याचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता. एमटेकसाठीच्या गेटचा 3 वर्षं चालतो, एमबीएसाठीही चालणाऱ्या जीमॅट आणि जीआरईचा 5 वर्षं. शांत पोस्टिंगवर असतानाच जीमॅट दिलात, तर पुढे सियाचीनला गेलात तरी काही बिघडत नाही. आयआयएम अहमदाबादचा अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा कोर्स याच स्कोअरवर प्रवेश देतो. गेट फेब्रुवारीत असते, म्हणून जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी आलात तर नंदीध्वज जरूर बघा, पण सकाळचे तीन तास अभ्यासाचे. परीक्षा केंद्र मात्र युनिटजवळचं घ्या. आईच्या हातचं जेवून पेपरला जायची इच्छा असते, पण रजा ऐन वेळी रद्द होते.

सोलापुरात उरकायचं खरं काम कागदांचं. पदवी इथली असेल तर केगावला सोलापूर विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) दोन-चार जादा प्रती काढा. 2019 मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं, त्यामुळे काहींच्या आधीच्या गुणपत्रिकांवर एक नाव आणि पदवीवर दुसरं आहे. अर्जात त्याचा एका ओळीत खुलासा करा. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं, पासपोर्टवरचं आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं तुमचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. एनडीएवाल्यांची पदवी दिल्लीच्या जेएनयूची, त्यांना केगावची फेरी नाही. पासपोर्ट आणि अर्जासाठी लागणारी खात्याची परवानगी वेळ खाते, ती सगळ्यात आधी टाका.

शिफारसपत्राचं सीओ साहेबांशी, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरशी, त्यांची बदली निघायच्या आत बोला. प्रवेश अर्जाच्या निबंधात युनिटचं ठिकाण, ऑपरेशनचं नाव, हत्यारांचे तपशील नकोत. किती माणसं सांभाळलीत, काय ठरवलंत, काय चुकलं, हे लिहा. लिहून झालं की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचा कारखाना चालवणाऱ्या मामांना वाचून दाखवा. ‘कंपनी टूआयसी म्हणजे काय रे?’ असं त्यांनी विचारलं, तर ते वाक्य बदला.